नैसर्गिक प्रसूती

नैसर्गिक प्रसूती : पूर्ण दिवस भरलेल्या गर्भवतीस आपोआप कळा सुरू होऊन, वेदनाहारक वा शुद्धिहारक औषधे, कळा वाढविणारी औषधे, उपकरणे वा शस्त्रक्रिया यांचा अवलंब न करता योनिमार्गे होणारी प्रसूती. योनिमार्गे झालेल्या प्रत्येक प्रसूतीस व्यवहारात ‘नॉर्मल’ म्हटले जाते. परंतु कृत्रिम रीत्या कळा आणून, योनिमुखाजवळ छेद घेऊन किंवा चिमट्याने अथवा निर्वाताच्या वाटीने मूल ओढून केलेली प्रसूती या संज्ञेत बसत नाही. प्रसूतीची प्रगती व माता आणि गर्भ यांची स्थिती यांवर प्रशिक्षित व्यक्तीने सतत लक्ष ठेवणे हा मात्र हस्तक्षेप मानला जात नाही. नैसर्गिक प्रसूती म्हणजे देखरेखीविना प्रसूती नव्हे, हा भेद या विषयात मूलभूत आहे.

दुसरा एक भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. वेदनाशमनाची सोय उपलब्ध असताना विचारपूर्वक ती नाकारून, पूर्वतयारीनिशी प्रसूतीस सामोरे जाणे ही निवड होय. तशी सोयच नसल्यामुळे वेदना सोसाव्या लागणे ही निवड नव्हे. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात या विषयाची चळवळ झाली ती पहिल्या अर्थाने. भारताच्या ग्रामीण भागातील, उदा., मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यातील, बहुसंख्य स्त्रियांची औषधविरहित प्रसूती दुसऱ्या अर्थाची राहिली आहे. त्यामुळे तेथे या विषयाचा विचार सुरक्षितता, पोषण, विवाहाचे वय आणि प्रसूतिगृहातील वागणूक यांच्यापासून वेगळा करता येत नाही.

शरीरक्रिया : प्रसूतीच्या तीन अवस्था मानल्या जातात. पहिलीत गर्भाशयाच्या तालबद्ध आकुंचनांनी (कळांनी) गर्भाशयाचे मुख विरळ होऊन सु. १० सेंमी. पर्यंत उघडते, दुसरीत मूल बाहेर येते, तिसरीत वार पडते. पहिल्या अवस्थेचे सुप्त व सक्रिय असे दोन भाग आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ मधील शिफारशींनुसार मुख ५ सेंमी. उघडल्यानंतर सक्रिय भाग सुरू झाला असे समजतात. हा भाग पहिलटकरणीत सहसा १२ तासांपेक्षा व नंतरच्या बाळंतपणांत १० तासांपेक्षा अधिक लांबत नाही. दुसरी अवस्था पहिलटकरणीत सहसा तीन व इतरांत दोन तासांच्या आत संपते. मुख दर तासाला निदान १ सेंमी. उघडलेच पाहिजे हा जुना दंडक याच शिफारशींत मागे घेण्यात आला. अनेक निरोगी स्त्रियांत प्रगती याहून मंद असते व केवळ तेवढ्या कारणावरून औषध देणे वा शस्त्रक्रिया करणे योग्य नाही, असे त्यामागील कारण होते.

कळांचे नियंत्रण मुख्यत्वे ऑक्सिटोसीन या हॉर्मोनाकडे असते. हे हॉर्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या पश्च भागातून स्रवते. ते प्रयोगशाळेत प्रथम तयार करण्याचे श्रेय व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांना असून त्या कार्याचा १९५५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात समावेश होता. प्रसूती पुढे सरकते तसा शरीरात एंडॉर्फिन हा अंतर्जात वेदनाशामकही वाढतो. भीती, थंडी, अपमान वा अनोळखी वातावरण यांमुळे स्रवणारे ॲड्रेनॅलीन याच्या उलट कार्य करते. त्यामुळे पहिल्या अवस्थेत कळा मंदावू शकतात. घरी जोरात येणाऱ्या कळा रुग्णालयात पाऊल ठेवताच थांबल्याचा अनुभव स्त्रिया सांगतात, त्याचा उलगडा यावरून काही अंशी होतो. पहिल्या अवस्थेतील वेदना मुख उघडण्याशी संबंधित असून ती ओटीपोटात व कंबरेत पसरते; दुसऱ्या अवस्थेतील वेदना योनिमार्ग व त्यालगतच्या ऊतकांच्या ताणामुळे होते व ती अधिक नेमक्या जागी जाणवते. उभे राहणे, चालणे वा उकिडवे बसणे या स्थितींत गुरुत्वाकर्षणाचे साहाय्य मिळते. पाठीवर उताणे निजल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडून गर्भाचा रक्तपुरवठा कमी होण्याचा संभव असतो.

प्राचीन भारतीय विचार : चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागार कसे असावे, तेथे कोणती सामग्री जमवावी आणि प्रसवकाळी कोणी जवळ असावे यांचा तपशील आहे. अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, कुशल व क्लेश सोसणाऱ्या स्त्रियांनी गर्भिणीभोवती राहून तिला धीर द्यावा, असे त्यात सांगितले आहे. कळ नसताना जोर करू नये, कारण तो व्यर्थ जाऊन मातेस व गर्भास अपायकारक ठरतो. आधी हळूहळू व नंतर अधिकाधिक जोर करावा, हा उपदेश आजच्या प्रसूतिशास्त्राशी जुळणारा आहे. कळा येत असताना गर्भिणीने मुसळाने धान्य कांडावे हे इतरांचे मत त्यात खोडून काढले असून अशा वेळी दारुण श्रम वर्ज्य मानले आहेत; जांभया देणे व चालणे यांस मात्र संमती दिली आहे. नवव्या महिन्यात तेलाचा अनुवासन बस्ती व योनीत तेलाचा बोळा ठेवण्याचा विधीही सांगितला आहे. सुश्रुतसंहितेत सोळा वर्षांखालील स्त्रीस राहिलेला गर्भ पोटातच नष्ट होतो किंवा जन्मल्यास दीर्घायू व सबल होत नाही, असा इशारा आहे. नैसर्गिक प्रसूतीची तयारी गर्भधारणेच्या आधीच सुरू होते, हे त्यातून सूचित होते.

या परंपरेचा आधुनिक वैद्यकाच्या परिभाषेत परिचय करून देण्याचा एक आरंभीचा प्रयत्न महाराष्ट्रीय स्त्रीने केला. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी सादर केलेला प्रबंध हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर होता. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहा दिवसांत दगावले होते व वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हा आघात होता.

पाश्चात्त्य चळवळ : एडिंबरो येथील जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीत क्लोरोफॉर्मचा वापर केला. जॉन स्नो यांनी १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीस प्रसूतीच्या वेळी ते दिल्यावर वेदनाशमनास प्रतिष्ठा मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्क येथे मॉर्फीन व स्कोपोलामीन यांच्या मिश्रणाने ‘संधिनिद्रा’ आणण्याची पद्धत निघाली. तीत वेदनेची स्मृती नाहीशी होई. परंतु स्त्रीचे भान हरपे व अर्भकाचे श्वसन मंदावे. हळूहळू पाश्चात्त्य रुग्णालयांतील प्रसूती ही बेशुद्ध स्त्रीवर इतरांनी करावयाची क्रिया बनली. नैसर्गिक प्रसूतीची चळवळ ही या अतिरेकाची प्रतिक्रिया होय.

ब्रिटिश प्रसूतितज्ञ ग्रँटली डिक-रीड (१८९०–१९५९) यांनी १९३३ मधील आपल्या ग्रंथात ‘नैसर्गिक प्रसूती’ ही संज्ञा रूढ केली. भीतीमुळे स्नायूंत ताण, ताणामुळे वेदना व वेदनेमुळे पुन्हा भीती असे चक्र त्यांनी मांडले व ते ज्ञान, शिथिलीकरण आणि सोबत यांनी तोडता येते असे प्रतिपादिले. याच सुमारास सोव्हिएट रशियात पाव्हलॉव्ह यांच्या अभिसंधित प्रतिक्षेपाच्या सिद्धांतावर आधारित मानसिक पूर्वतयारीची पद्धत विकसित होत होती. फ्रेंच प्रसूतितज्ञ फेर्नां लामाझ (१८९१–१९५७) यांनी १९५१ मध्ये तेथे ती पाहिली व पॅरिसमध्ये तिचा प्रसार केला. कळेच्या वेळी ठरावीक लयीत श्वास घेण्याचा सराव हे लामाझ पद्धतीचे वैशिष्ट्य असून शहरी भारतातील प्रसूतिपूर्व वर्गांवर तिचाच प्रभाव अधिक आहे. अमेरिकेत रॉबर्ट ब्रॅडली यांनी पतीच्या साहाय्यावर भर दिला. फ्रेदेरीक लब्वाये (१९१८–२०१७) यांनी १९७४ मध्ये मंद प्रकाश, शांतता व कोमल स्पर्श यांनी नवजाताचे स्वागत करावे असा विचार मांडला. कलकत्त्यात एका माउलीला आपल्या तान्ह्याचे अंग चोळताना पाहून त्यांनी अर्भकाच्या मर्दनावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. भारतीय घरांतील सर्वपरिचित प्रथा अशा रीतीने पाश्चात्त्यांस नव्याने परिचित झाली.

डिक-रीड यांचे वेदना ही मुख्यतः भीतीची निर्मिती आहे हे मत आज पूर्णतः ग्राह्य मानले जात नाही. आकुंचनाची व ताणाची वेदना खरी असते व निर्भय स्त्रीसही ती होते. तथापि भीती व एकटेपणा यांनी ती वाढते, हे त्यांच्या विचारातील तथ्य टिकून राहिले आहे.

परभणी जिल्ह्यातील परंपरा : गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. १८.३६ लाख होती. मे १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, पालम व जिंतूर असे नऊ तालुके येथे आहेत. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळात आणि नंतरही अनेक दशके खेड्यांतील बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून होत. सुईण बहुधा वयस्क, स्वतः अनेक मुलांची आई असलेली व सासूकडून वा आईकडून हे काम शिकलेली असे. पोट चाचपून मूल आडवे आहे की पायाळू हे ती ओळखी. बाळंतिणीस खोलीत फिरवी. कंबर व मांड्या तेलाने चोळी. दोरास वा खांबास धरून उकिडवे बसवी आणि पाठीमागून आधार देई. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे आई, चुलती, मोठी बहीण अशी ओळखीची माणसे भोवती असत. बाळंतिणीस पुढे बाज, शेक, बाळंतशेपा, डिंकाचे व अळिवाचे लाडू मिळत.

या परंपरेतील मोकळी हालचाल, उभट स्थिती, अखंड सोबत व परिचित वातावरण या गोष्टी आधुनिक संशोधनाने पुढे योग्य ठरविल्या आहेत. तिची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. नाळ विळ्याने वा जुन्या पात्याने कापणे व तिच्यावर राख किंवा शेण लावणे यांमुळे नवजातास धनुर्वात होई. ‘बाई अडली’ की गर्भाशय फाटणे वा अतिरक्तस्राव यांवर सुईणीजवळ उपाय नसे. चीक पिळून टाकला जाई व बाळंतिणीचे पाणी तोडले जाई. नैसर्गिक प्रसूतीच्या नावाने या साऱ्याचे समर्थन करता येत नाही. धनुर्वाताविरुद्ध लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांच्या प्रसारानंतर २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित करण्यात आले.

सुईणीस शत्रू न मानता शिकवून सामावून घेण्याचे प्रयोग महाराष्ट्रातच झाले. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले व स्वच्छ प्रसूतीची साधने त्यांच्या हाती देण्यात आली. अभय व राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात केलेल्या कार्यात सुईणी व आरोग्यदूत यांच्या साहाय्याने घरच्या घरी नवजाताची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करता येतात, हे दिसून आले.

रुग्णालयाकडे स्थलांतर : राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आणि जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. आशा कार्यकर्ती, मोफत प्रसूती व मोफत वाहन यांमुळे बाळंतपणे वेगाने रुग्णालयांत होऊ लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के जन्म आरोग्यसंस्थांत झाल्याचे आढळले. राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण २०१८–२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले. त्याच वेळी भारतातील प्रमाण ९७ होते. परभणी येथे स्त्री रुग्णालय, गंगाखेड व सेलू येथे उपजिल्हा रुग्णालये आणि खाली ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे अशी शासकीय साखळी असून २०२३ मध्ये परभणी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

या लाभाबरोबर दोन नवे प्रश्न उद्भवले. पहिला, सिझेरियन शस्त्रक्रियांची वाढ. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के होते. २०१५–१६ मध्ये ते २०.१ टक्के होते. भारतात सार्वजनिक रुग्णालयांत १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के जन्म शस्त्रक्रियेने झाले. संपूर्ण लोकसंख्येत हे प्रमाण १० टक्क्यांहून वाढल्याने माता व नवजात यांचे मृत्यू आणखी कमी होत असल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नमूद केले. दुसरा प्रश्न सामान्य प्रसूतीतील अनावश्यक उपचारांचा आहे. सरसकट छेद घेणे, पोटावर दाब देणे, टेबलावर उताणे निजवून ठेवणे, नातेवाइकांस बाहेर ठेवणे व ओरडणाऱ्या स्त्रीस रागावणे हे प्रकार अनेक प्रसूतिगृहांत रूढ झाले. कळा वाढविण्यासाठी ऑक्सिटोसीन मात्रा न मोजता स्नायूत टोचण्याची प्रथा याहूनही घातक आहे. अशा मात्रेमुळे गर्भाशय फाटू शकते व गर्भाचा प्राणवायू तुटू शकतो. परिणामी जिल्ह्यातील स्त्रीस कधी कधी घरच्या बाळंतपणातील सोबतही मिळत नाही आणि रुग्णालयातील वेदनाशमनही मिळत नाही.

निवड : औषधविरहित प्रसूतीचा विचार कमी जोखमीच्या गर्भवतीनेच करावा. गर्भ एकच असणे, त्याचे डोके खाली असणे, दिवस पूर्ण (३७ ते ४२ आठवडे) भरणे, रक्तदाब व रक्तशर्करा योग्य असणे, वार गर्भाशयाच्या मुखावर नसणे आणि पूर्वी सिझेरियन वा गंभीर रक्तस्राव झालेला नसणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. आडवे मूल, जुळे, पायाळू गर्भ, १४०/९० किंवा अधिक रक्तदाब, तीव्र पांडुरोग, खुजी उंची वा अरुंद श्रोणी असल्यास प्रसूती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

परभणी जिल्ह्यात या निकषांपैकी दोन विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. पहिला वयाचा. वरील पाहणीत जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या सु. ४८ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाल्याचे आढळले. हे प्रमाण राज्यातील जिल्ह्यांत सर्वाधिक होते. किशोरवयात श्रोणीची वाढ अपुरी असते. अशा मातांत प्रसूती अडणे, झटके येणे, अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे मूल जन्मणे यांचा संभव अधिक असतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची प्रसूती औषधांविना व टाक्यांविना पार पडली, तरी ती नैसर्गिक परिस्थितीत झाली असे म्हणता येत नाही. दुसरा निकष पांडुरोगाचा. महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवतींत तो आढळला. रक्तद्रव्य (हीमोग्लोबिन) दर १०० मिलि.मध्ये ११ ग्रॅ. पेक्षा कमी असल्यास पांडुरोग व ७ ग्रॅ. पेक्षा कमी असल्यास तीव्र पांडुरोग समजतात. प्रसूतीनंतर ५०० मिलि. रक्त गेले तर निरोगी स्त्री ते सहन करते. तीव्र पांडुरोगी स्त्रीच्या जिवावर तेवढ्यानेही बेतते.

पूर्वतयारी : (१) आहार व रक्तवृद्धी : ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, तीळ, शेंगदाणे, गूळ, दूध व शक्य असल्यास अंडी, मांस वा मासे यांचा आहारात समावेश असावा. शासकीय कार्यक्रमानुसार दुसऱ्या तिमाहीपासून निदान १८० दिवस लोह व फॉलिक अम्लाची गोळी घेतात. ती चहाबरोबर न घेता लिंबू वा आवळ्यासारख्या आंबट पदार्थाबरोबर घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सहभागाने विकसित झालेला व २०१८ मध्ये प्रसारित केलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण लोह व जस्त अधिक असलेला आहे. रोजच्या भाकरीतून मिळणारे लोह त्यामुळे वाढू शकते. मात्र तो औषधी गोळीस पर्याय नव्हे.

(२) व्यायाम : रोज अर्धा तास चालणे, मांडी घालून वा भिंतीच्या आधाराने उकिडवे बसणे, कंबरेचे सावकाश व्यायाम आणि श्रोणितलाचे स्नायू आवळून सैल सोडणे यांचा सराव उपयुक्त आहे. शेतातील श्रम हा त्यास पर्याय समजू नये. वाकून खुरपण्यात व ओझी उचलण्यात थकवा येतो, स्नायूंचे शिथिलीकरण होत नाही. पहिलटकरणीने शेवटच्या चार ते सहा आठवड्यांत योनिमुखाजवळील भागास स्वच्छ हातांनी तेल लावून हलके मर्दन केल्यास फाटण्याचे व टाके घालावे लागण्याचे प्रमाण कमी होते.

(३) श्वसन व शिथिलीकरण : कळ येताच दीर्घ श्वास घेऊन सावकाश सोडणे, जबडा, खांदे व हात सैल ठेवणे आणि दोन कळांमध्ये विसावणे हे सातव्या महिन्यापासून शिकावे. दळताना ओवी म्हणणाऱ्या स्त्रीचा श्वास श्रमाच्या लयीशी आपोआप जुळतो. त्याच तत्त्वावर कळेच्या वेळी हुंकार वा गुणगुण करण्यास मुभा असावी.

(४) सोबती : प्रसूतीत सतत एक व्यक्ती सोबत असण्याचा उपयोग निर्विवाद ठरला आहे. १७ देशांतील १५,००० हून अधिक स्त्रियांवरील चाचण्यांच्या २०१७ मधील एकत्रित परीक्षणात अशा सोबतीमुळे आपोआप होणाऱ्या प्रसूती वाढतात, प्रसूतिकाल घटतो, वेदनाशामके व सिझेरियन कमी लागतात असे आढळले. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतिसोबतीस अनुमती दिली आहे. बाळंतपण अनुभवलेली, घाबरून न जाणारी स्त्री आधीच ठरवावी व तिलाही प्रसूतीच्या अवस्थांची माहिती द्यावी.

(५) नियोजन : प्रसूतीचे ठिकाण, तेथवर जाण्याचे वाहन, रात्रीची व्यवस्था, रक्तदाते व सोबत यांचा निर्णय आठव्या महिन्यापूर्वी व्हावा. राज्यात गर्भवतींसाठी १०२ व आणीबाणीसाठी १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते. माहेरी जाणाऱ्या स्त्रीने माता-बाल संरक्षण कार्ड व तपासण्यांचे कागद बरोबर न्यावेत आणि तेथील आशा कार्यकर्तीकडे नोंद करावी. नाव दोन्ही गावांच्या नोंदींतून निसटण्याचा धोका असतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात (२०१६) दर महिन्याच्या ९ तारखेस तज्ञांकडून तपासणी केली जाते.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांस हे नियोजन सर्वांत अवघड जाते. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतील अनेक जोडपी दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात व उन्हाळ्यापर्यंत फडाजवळच्या कोपीत राहतात. पती व पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने गरोदर स्त्री काम थांबविल्यास मजुरी बुडते व उचल फिटत नाही. पहाटेपासून मोळ्या वाहणे, अपुरे पाणी व तपासणीचा अभाव अशा स्थितीत फडातच झालेल्या प्रसूतीस वरवर पाहता ‘औषधविरहित’ म्हणता येईल. प्रत्यक्षात तीत निवड, तयारी व सुरक्षितता यांपैकी काहीच नसते. अशा स्त्रीने दिवस भरण्यापूर्वी गावी परतणे किंवा कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रात नाव नोंदविणे हाच उपाय असून त्यासाठी मुकादम व कारखाना यांचे सहकार्य आवश्यक असते.

प्रसूतिकाळातील काळजी : सुप्त अवस्थेत स्त्रीने घरी वा प्रतीक्षा कक्षात हिंडावे, हलके अन्न व पेय घ्यावे आणि विश्रांती घ्यावी. पहिल्या अवस्थेत चालणे वा उभट स्थिती ठेवल्यास ती सरासरी एक तासाहून अधिक कमी होते. कंबरेचे मर्दन, गरम पाण्याचा शेक व कोमट पाण्याने स्नान यांनी वेदना सुसह्य होतात. परिचारिकेने सक्रिय अवस्थेत १५ ते ३० मिनिटांनी व दुसऱ्या अवस्थेत ५ मिनिटांनी गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकावेत (सामान्यतः मिनिटास ११० ते १६०) आणि प्रसूतिआलेखात नोंदी ठेवाव्यात. सरसकट छेद, बस्ती, केस काढणे व पोटावर दाब देणे यांची शिफारस केली जात नाही. जोर करण्याची ऊर्मी येईल तेव्हाच व स्त्रीस सोयीच्या स्थितीत जोर करू द्यावा.

मूल जन्मताच ते पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, निदान एक मिनिट थांबून नाळ बांधावी व पहिल्या तासातच चीक पाजावा. मूल जन्मल्यावर वार पडण्यापूर्वी ऑक्सिटोसिनाची १० एककांची एक मात्रा प्रत्येक स्त्रीस द्यावी, अशी शिफारस आहे. काटेकोर अर्थाने हे औषध असले, तरी अतिरक्तस्राव टाळण्याचा तो सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पांडुरोग सर्वत्र असलेल्या प्रदेशात नैसर्गिकतेच्या आग्रहापायी ते नाकारणे उचित नाही. [⟶ प्रसूतिविज्ञान].

मर्यादा व धोक्याची लक्षणे : कमी जोखमीच्या गर्भवतींतही काहींना ऐनवेळी मदत लागते व त्या कोण असतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून अशी प्रसूती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाशी जोडलेल्या केंद्रात व्हावी. रक्तस्राव, पाणमोट फुटून हिरवट वा दुर्गंधी पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी वा अंधारी, झटके, ताप, गर्भाची हालचाल कमी होणे, बारा तासांहून अधिक काळ जोरदार कळा येऊनही प्रसूती न होणे आणि मूल जन्मल्यावर अर्ध्या तासात वार न पडणे ही लक्षणे दिसताच नियोजन बाजूला ठेवून वरच्या रुग्णालयात जावे. वेदना असह्य झाल्यास वेदनाशामक मागणे हा पराभव नव्हे. पाठीच्या कण्यात दृढतानिकेबाहेर औषध सोडण्याची एपिड्युरल पद्धत परिणामकारक आहे. मात्र तीत चिमट्याने वा वाटीने प्रसूती करण्याची गरज काहीशी वाढू शकते व ती भूलतज्ञाविना करता येत नाही. नियोजित नैसर्गिक प्रसूतीचे पर्यवसान सिझेरियनमध्ये झाल्यास स्त्रीस अपराधी वाटू देऊ नये. तयारीचा उपयोग तिला शस्त्रक्रियेनंतरही होतो.

मूल्यमापन : प्रसूती ही मुळात शरीराची स्वाभाविक क्रिया आहे, हे नैसर्गिक प्रसूतीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे बरोबर आहे, स्वाभाविक क्रियाही घातक ठरू शकते, हे प्रसूतिशास्त्राचे म्हणणेही तितकेच बरोबर आहे. या दोहोंचा मेळ घालण्याचा मार्ग म्हणून प्रशिक्षित प्रसाविकांनी चालविलेली केंद्रे अनेक देशांत यशस्वी ठरली आहेत. भारत शासनाने २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करून परिचारिकांसाठी १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण निश्चित केले. प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्याचा ‘लक्ष्य’ हा उपक्रम त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाला होता. सुईणीजवळ असलेला धीर, वेळ व ओळख हे गुण आणि रुग्णालयातील स्वच्छता, रक्त व शस्त्रक्रिया ही साधने अशा प्रसाविकेच्या ठायी एकत्र येऊ शकतात. परभणीसारख्या जिल्ह्यात मात्र त्याआधीच्या अटी म्हणजे मुलीचे लग्न वयात येईपर्यंत थांबणे, तिच्या अंगात पुरेसे रक्त असणे आणि प्रसूतिगृहाच्या दारातून तिच्या माणसाला आत येता येणे या होत. त्या पूर्ण झाल्यावरच औषधे घ्यावयाची की नाहीत, हा प्रश्न तिच्या निवडीचा ठरतो.